विमानाचा तोटा आणि कापसाचा तोटा

(औंढा नागनाथ येथील तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या कागदावर सहा विषय आहेत. पाच आपले नेहमीचे : कापसाची खरेदी, ज्वारीचा भाव, पीकविमा, रात्रीची वीज आणि पाणंद रस्ते. सहावा तरुण मंडळींनी शेवटी लिहिला आहे, "हिंगोली जिल्ह्यात विमानतळ झाला पाहिजे." कागद वाचला गेला तेव्हा पुढे बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "गावाला एसटी येईना अन् ह्यान्ला इमान पाहिजे!" सगळे हसले. मीही हसलो.

पण हा विषय हसून सोडण्यासारखा नाही. विमानतळ म्हटला की दोन गोष्टी लागतात. एक जमीन. ती कुणबिकीची असते. दुसरा सरकारी तिजोरीतला पैसा. तो आपल्या डिझेलवर, कीटकनाशकाच्या डब्यावर, काडेपेटीवर गोळा झालेला असतो. ज्या व्यवहारात जमीन आपली आणि पैसाही काही अंशी आपला, त्याचा हिशेब आपण नाही मांडायचा तर कोणी मांडायचा? म्हणून बाकीचे पाच विषय इतर कार्यकर्ते मांडतील. मी सहावा घेतो.

आधी माझी एक चूक कबूल करतो. २७ एप्रिल २०१७ ला केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतले पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानालाही हिरवा झेंडा मिळाला. ट्रूजेट नावाची हैदराबादची कंपनी, पंख्याची विमाने, सत्तर-बहात्तर माणसे बसतील एवढी. पुढे तिने नांदेड-मुंबईही सुरू केले. त्या दिवसांत मी एका सभेत ठणकावून सांगितले होते की हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, कापूस पिकवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतली एक म्हातारी अत्यवस्थ झाली. मुलगा अंधेरीला एका कारखान्यात फिटर. सकाळी फोन गेला. त्याने मित्राकडून पैसे उसने घेतले, विमानाचे तिकीट काढले आणि दिवस मावळायच्या आत घरात पाऊल टाकले. आईने त्याला ओळखले. त्याच्या हातून पाणी घेतले आणि मग गेली. चार वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात, त्याच गल्लीत तसाच प्रसंग आला. मुलगा तसाच मुंबईला नोकरीला. पण तोवर नांदेडचे विमान बंद पडले होते. रात्रीची गाडी, परभणीला उतरणे, तिथून काळीपिवळी. तो पोचला तेव्हा अग्नी चुलत्याने दिला होता.

हे दोघेही कोरडवाहू शेतकऱ्याचीच पोरे. एकाच्या वेळी विमान होते, दुसऱ्याच्या वेळी नव्हते, एवढाच फरक. तेव्हापासून मी विमान हा पैसेवाल्यांचा खेळ असे म्हणणे सोडले. मी विचारू लागलो ते हे की सुरू झालेले विमान बंद का पडते?

नांदेडचेच पाहा. तिथली धावपट्टी बांधकाम खात्याने १९५८ साली बांधली. पन्नास वर्षे ती नावालाच होती म्हटले तरी चालेल. २००८ साली गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने ती मोठी केली, इमारत उभी राहिली. मग किंगफिशरचे विमान आले. ती कंपनी २०१२ च्या ऑक्टोबरात बंद पडली. मध्ये साडेचार वर्षे गेली. २०१७ ला ट्रूजेट आली, त्याच डिसेंबरात एअर इंडियाचे अमृतसरचे विमान सुरू झाले. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेटची झाडून सगळी विमाने जमिनीवर बसली. पुन्हा दोन वर्षे गेली. २०२४ च्या मार्चअखेरीस स्टार एअर आली. ही कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाची कंपनी, पन्नास आणि शहात्तर सीटांची विमाने चालवणारी. आपल्या ओढ्याला पाणी कसे असते? पाऊस झाला की दोन दिवस दुथडी, मग वर्षभर वाळू. नांदेडच्या विमानाचे तसेच आहे. अशा ओढ्याच्या भरवशावर कोणी ऊस लावतो का?

लहान गावांना विमानाने जोडायचे हा विचार आजचा नाही. १९८१ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून 'वायुदूत' काढली. डॉर्नियरसारखी लहान विमाने आणली. पुढाऱ्यांनी आपापल्या मतदारसंघात विमान उतरवून घेतले, फोटो काढले. सीटा रिकाम्या, तोटा वाढता. १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये बुडवून टाकली. सरकारी म्हणून बुडाली असे कोणी म्हणेल. ठीक. मग खासगीचे उदाहरण घेऊ, आणि तेही एका शेतकऱ्याचे.

कर्नाटकात हसन जिल्ह्यात गोरूर नावाचे गाव आहे. तिथले कॅप्टन गोपीनाथ. फौजेत होते, १९७१ चे युद्ध पाहिलेले. त्यांच्या घरची जमीन हेमावती धरणात गेली. मोबदल्यात माळरान मिळाले. हा माणूस फौज सोडून त्या माळावर तंबू ठोकून राहिला आणि रेशीम किड्यांची शेती केली. कमी खर्चाच्या शेतीसाठी त्यांना १९९६ चे रोलेक्स पारितोषिक मिळाले. त्यांनी २००३ साली एअर डेक्कन काढली. हुबळीसारख्या गावांना पंख्याची विमाने नेली, काही तिकिटे तर चक्क एक रुपयाला विकली. लोक म्हणाले, वेडा आहे. आपण शेतकऱ्यांनी मात्र त्याला वेडा म्हणू नये. त्याने जे केले ते आपण मोंढ्यात रोज करतो.

कसे ते सांगतो. टमाट्याचे कॅरेट घेऊन तुम्ही पहाटे बाजारात जाता. नऊ वाजतात, माल विकला जात नाही. दहाला तुम्ही भाव निम्म्यावर आणता. अकराला मिळेल त्या पैशाला देऊन टाकता, कारण परत नेले तर भाडेही अंगावर आणि माल उकिरड्यावर. विमानाची सीट तर टमाट्यापेक्षाही नाशवंत. टमाटा निदान दोन दिवस दम धरतो. विमानाचे दार लागले की रिकाम्या सीटची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही, वखारीत ठेवता येत नाही. आणि खर्च? सत्तर बसले काय नि तीस बसले काय, इंधन जवळजवळ तेवढेच जळते. वैमानिकाचा पगार तेवढाच, विमानाचे भाडे तेवढेच. तुमची पेरणी, कोळपणी, फवारणी एकरी दोन क्विंटल झाले तरी तेवढ्याच खर्चाची आणि आठ झाले तरी तेवढ्याच. दुष्काळात कोरडवाहूवाला मरतो तो यामुळेच, आणि लहान गावाचे विमानही यामुळेच मरते.

गोपीनाथांची कंपनीही तोट्यातून वर आली नाही. २००७ साली ती किंगफिशरवाल्यांकडे गेली, त्यांच्यात विरघळली आणि पुढे त्यांच्याबरोबरच संपली. रेशीम किड्यांवर जगलेला माणूस विमानात हरला. त्याची बुद्धी कमी पडली असे मी म्हणणार नाही. नाशवंत माल, ठरलेला खर्च आणि बेभरवशाचे गिऱ्हाईक ही तीन एकत्र आली की कोणाचीही तीच गत होते. ही तीन आपल्याही वाट्याला आलेली आहेत.

आता गंमत इथून पुढे आहे. ती नीट ऐका.

सरकारला हे गणित पक्के समजलेले आहे. विमानाच्या बाबतीत समजलेले आहे. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना काढली तेव्हा सरकारने काय केले? कंपनीला विचारले, या मार्गावर तुमचा तोटा किती होईल ते तुम्हीच सांगा. कंपन्यांनी आकडे भरले. ज्याचा आकडा कमी त्याला मार्ग मिळाला. ठरलेल्या सीटांचे भाडे बांधून दिले, तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये. भाडे आणि खर्च यांतली तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा मोठ्या शहरांमधल्या विमानांवर पट्टी बसवून गोळा करायचा. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षे दुसरी कंपनी येणार नाही याची हमी. शिवाय उडान विमानतळावर भरलेल्या इंधनावर राज्याने १ टक्का किंवा त्याहून कमी कर घ्यायचा, तोही दहा वर्षे. शिवाय पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन राज्याने फुकट द्यायचे.

या तूट-भरपाईला सरकारी कागदात भारदस्त नाव आहे. मी इंग्रजी सांगत बसत नाही. मराठीत अर्थ असा : धंदा आपल्या पायावर उभा राहीपर्यंतचा फरक. मी याला विरोध करत नाही. रस्ता बांधताना पहिल्या दिवशी किती गाड्या येतील हे कोणी मोजत नाही. मला एवढेच दिसते की विमानाचा तोटा पेरणीच्या आधी मोजला जातो, कागदावर लिहिला जातो, सही-शिक्क्यानिशी भरून दिला जातो. आणि कापसाचा?

२०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ७,७१० रुपये जाहीर झाली, लांब धाग्याची ८,११० रुपये. जाहीर झाली, म्हणजे कागदावर आली. खरेदी केंद्र उघडेपर्यंत ज्याला उसनवारी फेडायची होती त्याने कापूस खेडा-खरेदीवाल्याला कितीने घातला हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सांगितले सप्टेंबरअखेरपर्यंत. मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली वेचणी कधी असते? ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ऐन वेचणीत परदेशी गाठींना दार उघडे. विमानवाल्याला तीन वर्षे दुसरा स्पर्धक येऊ देणार नाही असे लिहून देणारे सरकार तेच, बरे का. खाते फक्त वेगळे.

माझे शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठात झाले. तिथे आम्हाला एकरी उत्पादन कसे वाढवायचे ते शिकवले, आणि चांगले शिकवले. पण तूट हा शब्द मी शेतीच्या पुस्तकात वाचला नाही. तो विमानाच्या कागदात वाचला तेव्हा वाटले, अरे, हे तर आपले गणित आहे!

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही कापसालाही अनुदान मागता. नाही. विमानाला पैसा देऊन ते टिकले का, हे आधी पाहू. महालेखापरीक्षकांचा उडान योजनेवरचा अहवाल २०२३ साली आला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. कुठे जमीन नाही, कुठे धावपट्टी तयार नाही, कुठे कंपनीकडे विमान नाही. सुरू झाले ३७१. त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि तूट-भरपाई थांबल्यावर मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. शंभर मार्गांतले सात!

कपाशीचे शंभर बी टोकले आणि सातच उगवले तर तुम्ही काय करता? बियाणेवाल्याच्या दारात जाऊन बसता. इथे कोणीच कोणाच्या दारात गेले नाही, कारण तोटा झालाच नाही कोणाला. ज्या गावाचे विमान गेले त्या गावाला मात्र झाला, पण गावाला या करारात सहीच नव्हती.

मला वाटते मेख इथे आहे. कंपनी आणि सरकार यांच्या करारात गाव कुठेच नाही. हंगामाच्या मध्यात सोडून गेलेल्या सालगड्यालासुद्धा आपण विचारतो, बाबा, उचल घेतली होतीस, आता काम कोण करील? विमानाला विचारणारा कोणी नाही.

१९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरचे सरकारी नियंत्रण काढले. कुठे जायचे, काय भाडे घ्यायचे, ते तुम्ही ठरवा म्हणाले. तेव्हा तिथल्या लहान गावांनी ओरड केली की आता आमच्याकडे कोण फिरकणार? म्हणून त्याच वेळी लहान गावांसाठी वेगळी तूट-भरपाई ठेवली. ती आजही चालू आहे. रिकामी विमाने उडवता म्हणून तिच्यावर तिथेही टीका होते. पण त्यात एक अट मोठी शहाणपणाची आहे. कंपनीला अशा गावाची सेवा बंद करायची असेल तर अनेक वर्षे ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागत असे. आणि दुसरी कंपनी मिळेपर्यंत सरकार पहिलीला जाऊ न देता धरून ठेवू शकते. बैल विकायचा तर विका, पण दुसरा बैल दावणीला येईपर्यंत पेरणी थांबवायची नाही. ही अट आपल्या ठरावात घ्यावी असे मी सुचवतो.

आता तरुणांच्या दुसऱ्या म्हणण्याकडे येतो. ते म्हणतात, विमान आले की आपला माल परदेशी जाईल. २०२० साली सरकारने 'कृषी उडान' नावाची योजनाही काढली. तर मालाचे गणित करू. नांदेडला येत होते तसले पंख्याचे विमान, माणसे आणि सामान धरून, सात टनांच्या आसपास वजन उचलते. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एकही माणूस न बसवता, नुसत्या गाठी भरल्या तरी चाळीस-एक्केचाळीस. दहा चाकी ट्रक त्याच्या दुपटीहून जास्त नेतो. ज्वारीचे तर बोलूच नका. क्विंटलभर ज्वारीच्या किमतीपेक्षा तिचे विमानाचे भाडे जास्त होईल. हळदीचे काय? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, अभिमानाची गोष्ट आहे. पण वाळवून पॉलिश केलेली हळद दोन वर्षे पोत्यात राहते. तिला घाई कशाची? तिला पाहिजे रेल्वेचा डबा आणि बंदरापर्यंतचा स्वस्त रस्ता. विमानाने जातात ती फुले, काही फळे, औषधे, रक्त. कापूस आणि ज्वारीवाल्याचा माल उडत नाही. उडतात माणसे.

आणि माणसे कोण? आपल्याच पोरांपासून सुरू करा. एके काळी घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत असे. आज घरटी एक पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला आहे. दुसरी माणसे बाहेरून येणारी. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या नागनाथाच्या दारात किती गर्दी होते ते तुम्ही पाहता. (द्वारकेवाले म्हणतात आठवे ज्योतिर्लिंग त्यांचे. म्हणू देत.) पण एक गोष्ट द्वारकेवाल्यांकडे नाही. संत नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथे. नामदेवांचे नर्सी आपल्याच जिल्ह्यात. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातून नांदेडला येणारा भाविक नर्सीलाही येतो. नांदेडला अमृतसरचे विमान मिळाले ते कोणा पुढाऱ्याची मेहरबानी म्हणून नाही. गिऱ्हाईक होते म्हणून मिळाले. ते गिऱ्हाईक औंढ्यापर्यंत यायला इथून नांदेडपर्यंतचे साठ-पासष्ट किलोमीटर मध्ये आहेत.

तिसरी माणसे शास्त्रज्ञ. इथल्या दुधाळ्याच्या शिवारात लायगो प्रकल्प होतो आहे. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात. आकाशात अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा जो हेलकावा आज पृथ्वीवर पोचतो तो हे यंत्र टिपणार. देशातले आणि परदेशातले लोक इथे येणार, वर्षानुवर्षे येणार. त्यांना विमान लागेल.

आणि आता तरुण मंडळींनो, तुमच्या मागणीतली अडचण तुमच्याच शिवारात आहे. हे यंत्र अणूच्या गाभ्याहून कितीतरी बारीक हालचाल मोजते. जड गाडी गेली, रेल्वे गेली, तरी जमिनीतले कंप त्याला त्रास देतात. ही जागा निवडली तीच मुळी इथे जमीन शांत आहे म्हणून. त्याच्या शेजारी तुम्ही विमानाची धावपट्टी मागता? ज्याने मागायला सांगितले त्याने एक तर लायगोचा कागद वाचला नाही, नाही तर त्याचा डोळा धावपट्टीवर नसून तिच्या आजूबाजूच्या जमिनीवर आहे. दुसरी शक्यता मी गृहीत धरून चालतो. वय झाले तसा संशयी झालो आहे.

धावपट्टी म्हणजे दोन-सव्वादोन किलोमीटरचा सरळ सपाट पट्टा आणि त्याच्याभोवती शेकडो एकर. ती गेलेली जमीन परत येत नाही, विमान येवो न येवो. २००९ साली राज्याने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पंचाण्णव वर्षे! तुमच्या नातवाच्या पोरापर्यंतचा करार. पंधरा वर्षे उलटून गेली तरी यवतमाळ आणि उस्मानाबादला नियमित प्रवासी विमान उतरले नव्हते. यवतमाळ म्हणजे आपल्यासारखाच कापसाचा जिल्हा. तिथे धावपट्टी आहे, जमीन गेलेली आहे, आणि कोणाच्या आईला मुलगा वेळेवर भेटला असे त्या धावपट्टीमुळे झाले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमरावतीला बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, मुंबईचे विमान आले. कितीतरी वर्षे रखडून आले, पण आले. तिथे ते टिकते का यावर आपण लक्ष ठेवू. टिकले तर मला आनंद होईल, आणि कसे टिकले ते त्यांच्याकडून शिकून येऊ.

म्हणून माझे म्हणणे असे. हिंगोली जिल्ह्याला विमानतळ नको. नांदेडचे विमान रोज आणि न चुकता पाहिजे. मुंबईला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा वेळेला पाहिजे. आणि विमानाच्या वेळेला जोडून वसमतमार्गे औंढा-हिंगोली एसटी पाहिजे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. मी स्वतः एकदा एका छोट्या विमानतळावर उतरलो, कुठल्या ते सांगत नाही. आकाशात सव्वा तास. खाली उतरल्यावर बाहेर चिटपाखरू नाही. फाट्यापर्यंत पायी, तिथून दुधाच्या गाडीत, मग एसटी. एकूण पावणेचार तास. शेजारी बसलेला गवळी म्हणाला, "साहेब, इमानातून आलात म्हणता अन् कपडे तर शेणानं भरलेत." तेव्हा आजोबा, तुम्ही मघाशी बोललात ते हसण्यावारी नेऊ नये. एसटी नसेल तर विमान कोणाचे? ज्याच्याकडे गाडी आहे त्याचेच.

आणखी एक. कंपनी आली की पहिला प्रश्न विचारते, सीटा भरतील का? आतापर्यंत त्याचे उत्तर पुढारी देत आले, भरतील म्हणून, आणि फोटो झाला की विसरले. ते उत्तर आपण द्यावे. प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीला एक वही आणायची. गावातले किती जण बाहेर आहेत, कुठल्या शहरात, वर्षातून किती वेळा गावी येतात, कशाने येतात, किती तास नि किती पैसे लागतात. दवाखान्यासाठी मुंबई-हैदराबादला कोण किती वेळा गेले, तेही लिहा. नावे नकोत, आकडे पुरेत. आकडे खरे लिहा. दोन येतात तर दोन. फुगवलेल्या आकड्यांवर विमान आणले तर तेही वर्षभरात परत जाईल. त्याच वहीत मागच्या पानावर कापसाचा हिशेब मांडा : एकरी खर्च किती झाला, विकला कितीला, तूट किती. विमान खात्याच्या मंत्र्याला निवेदन द्यायला जाऊ तेव्हा पुढचे पान त्यांच्यापुढे ठेवू. मागचे पान कृषी आणि वस्त्रोद्योग खात्यापुढे. मंत्रालये वेगळी असली तरी वही एकच राहू द्या.

ठरावाचा मसुदा आता वाचून दाखवतील. त्यात "हिंगोली जिल्ह्यात विमानतळ" हे शब्द खोडून "नांदेडहून नियमित विमान, सेवा बंद करण्यापूर्वी ९० दिवसांची नोटीस व पर्यायी सेवा, विमानाच्या वेळेस जोडून एसटी" असे घालावे अशी माझी दुरुस्ती आहे. ज्यांना मान्य नसेल त्यांनी उभे राहून बोलावे. मला राग येणार नाही. २०१७ साली मला टाळ्या मिळाल्या तेव्हा कोणी उभे राहिले असते तर बरे झाले असते.

आणि आजोबा, तुमचा नातू पुण्याला असतो ना? वही उघडा रे कोणीतरी. पहिला आकडा त्याचाच लिहू.